शाळा आपली, वर्ग ताईंचा

नमस्कार मंडळी.

पालकांनी मिळून चालवलेल्या बालवाडीत मूल घालायचं का, हे मंडळातली बरीच तरुण घरं सध्या विचारताहेत. नुसती फी कमी म्हणून होकार देऊ नका. उरलेली फी तुम्ही स्वतःचा वेळ देऊन भरणार आहात!

आधी पट विचारा. २० कुटुंबं, आठवड्याचे ५ दिवस आणि रोज वर्गात ताईंच्या मदतीला पाळीपाळीनं २ पालक, म्हणजे आठवड्याला १० ड्यूट्या. प्रत्येक घराला पंधरवड्यातून एक. पट १२वर घसरला की जवळजवळ दर आठवड्याला हजेरी.

ड्यूटीला १५ मिनिटं आधी पोचा. रंग-माती मांडा, ॲलर्जीची यादी त्या दिवशीही पुन्हा वाचा. अंगणात जाताना आणि परतताना डोकी मोजायची, तीही आकडा मोठ्यानं म्हणून. नाहीतर दोघांनाही वाटतं, दुसऱ्यानं मोजली असतील. घसरगुंडीवर मुलाला उचलून ठेवू नका. जिथं ते स्वतः चढलेलं नसतं, तिथून बहुतेकदा त्याला उतरताही येत नाही.

सगळ्यात अवघड असतं आपलंच पोर. एरवी शहाण्यासारखं वागणारं मूल त्या दिवशी पायाला चिकटतं, तुमच्या मांडीवर बसलेल्याला ढकलतं. आपली आई आज सगळ्यांची झालेली त्याला कशी चालेल? पहिल्या दोन-तीन ड्यूट्यांना चिकटू द्या. मात्र त्याचं भांडण दुसऱ्या पालकानं सोडवायचं. तुम्ही सोडवायला गेलात की एक तर त्याला झुकतं माप देता, नाहीतर लोकांना दिसावं म्हणून जास्तच रागावता.

ड्यूटी चुकवणाऱ्यांना दंड लावावा का? जपून. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. २००० साली निष्कर्ष छापून आला. उशीर वाढला, आणि दंड उठवल्यावरही कमी झाला नाही. पैसे भरले की अपराधी वाटेनासं होतं. त्यापेक्षा नियम असा ठेवा: येता येत नसेल तर बदली माणूस ज्याचा त्यानं शोधायचा आणि नाव आदल्या दिवशी तक्त्यावर लिहायचं.

खरी गुंतागुंत ताईंशी असलेल्या नात्यात आहे. सकाळी वर्गात तुम्ही त्यांचे मदतनीस, संध्याकाळी समितीच्या बैठकीत त्यांचा पगार ठरवणारे. ही सरमिसळ झाली की चांगल्या ताई सोडून जातात. म्हणून पगार आणि करार यांबद्दल त्यांच्याशी समितीतल्या एकाच व्यक्तीनं बोलावं. नाहीतर एका ताईंना वीस मालक होतात. वर्गातली एखादी गोष्ट पटली नाही, तर मुलं घरी गेल्यावर ताईंनाच विचारा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नको. आणि कुणाचं मूल आज चावलं, कुणाची चड्डी ओली झाली, हे तर घरी नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगायचं नाही.