तूट मालाची नाही, भांड्याची

नमस्कार श्रोतेहो.

वीस नाण्यांचं बी घ्यायचं, चार दिवस पाणी घालायचं आणि पस्तीस नाण्यांना विकायचं. पार्सनिप नावाच्या पांढऱ्या कंदाचा हा हिशेब. ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या कॉम्प्युटर खेळात सगळेच इथून सुरुवात करतात. गावचे मेयर पंधरा बिया फुकट देतात, खिशात पाचशे नाणी असतात आणि आजोबांनी मागे ठेवलेली पडीक जमीन असते. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

हा खेळ सिॲटलकडच्या एरिक बॅरोन नावाच्या तरुणानं एकट्यानं केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रॅमिंगही त्याचंच. साडेचारेक वर्षं त्यात खपला आणि २६ फेब्रुवारी २०१६ला खेळ बाहेर आला. १९९६ साली निघालेला ‘हार्वेस्ट मून’ हा शेतीचाच जपानी खेळ त्याचा लाडका. त्या मालिकेतले पुढचे खेळ मनाला येईनात, म्हणून यानं स्वतःच एक काढला. आजवर त्याच्या ४ कोटींहून जास्त प्रती खपल्यात. तुमच्यापैकी काहींनी २००९-१०च्या सुमारास फेसबुकवर फार्मव्हिल खेळलं असेल. रात्री दोनचा गजर लावून स्ट्रॉबेरी काढायला उठणारी माणसं मी पाहिली आहेत. घरच्या तुळशीला त्यांनी कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, पण ते असो.

पीक कसं काढायचं हे कुणीही चार दिवसांत शिकतं. आज बोलायचंय ते काढलेल्या पिकाचं काय करायचं, याबद्दल. कच्चं विकायचं की पक्का माल करून विकायचं?

खेळात मुख्य भांडी दोन. एक बरणी, म्हणजे प्रिझर्व्ह्ज जार. तिच्यात फळ घातलं की जॅम, भाजी घातली की लोणचं. मिळकत मूळ भावाच्या दुप्पट, वर पन्नास नाणी. दुसरं पिंप, म्हणजे केग. त्यात फळाची वाइन होते, तिला तिप्पट भाव. भाजीचा रस होतो, त्याला सव्वादोन पट. परत सांगतो, लिहून घेणाऱ्यांसाठी. बरणीला दुप्पट अधिक पन्नास. पिंपात फळाला तिप्पट, भाजीला सव्वादोन पट. बरणी अडीच-तीन दिवसांत मोकळी होते. वाइनचं पिंप मात्र आठवडाभर अडकून पडतं.

बरणीवरून सांगतो, खेळातली बरणी काचेची दिसते आणि तिला माझी हरकत नाही. पण लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवणाऱ्या घरात मी जेवायला बसलो तरी पानात लोणचं वाढून घेत नाही. चिनी मातीच्या बरण्या माळ्यावर धूळ खात पडतात आणि खाली लोणच्याला डब्याचा वास येतो. असो, असो.

आणखी एक. खेळात पिकाला प्रत असते. साधं, चांदीच्या ताऱ्याचं, सोन्याच्या ताऱ्याचं. सोन्याचा तारा असलेलं फळ दीडपट भावानं जातं. पण बरणी आणि पिंप प्रत बघत नाहीत. आत ताऱ्याचं घाला की बिनताऱ्याचं, बाहेर येणाऱ्या मालाचा भाव तोच. तेव्हा भांडी कमी असतील तर ताऱ्याचा माल कच्चा विकायचा आणि बिनताऱ्याचा आत घालायचा. डाग पडलेल्या कैऱ्या कुठे जातात हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता मावशीची गोष्ट. ही गोष्ट मी जिथे जाईन तिथे सांगतो, इथेही सांगणार. त्यात निम्मा वेळ गेला तर निर्मातीबाईंनी रागावू नये.

माझी थोरली मावशी तासगावची. सांगली जिल्ह्यातलं तासगाव म्हटलं की द्राक्षं आणि बेदाणा. मावशीची बाग आहे आणि बागेच्या कडेला बेदाण्याची शेड आहे. दिवस फाल्गुनाचे होते, शेड भरलेली होती. बेदाणा कसा होतो हे शहरातल्या श्रोत्यांसाठी दोन वाक्यांत सांगतो. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे आणि पंधरवडाभर वाळू द्यायचे. मग झाडायचे, निवडायचे, प्रतवारी लावायची. चार किलो द्राक्षांतून किलोभर बेदाणा हाती लागतो, आणि तोवर घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून दहादा आभाळाकडे बघतं, कारण अवकाळी आला तर जाळीवरचा सगळा माल काळा पडतो.

तर मावशी पदराला हात पुसत शेडवरून घरात आली. तिचा नातू इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला आला होता. पंख्याखाली लॅपटॉप घेऊन बसलेला. आजीला बघून म्हणाला, ‘आज्जी, हे बघ, मीपण बेदाणा करतोय.’

मावशीनं चष्मा लावला आणि वाकून बघितलं. मार्च २०२४ला या खेळाची १.६ आवृत्ती आली, तेव्हापासून त्यात डिहायड्रेटर नावाचं एक यंत्र मिळतं. नातू म्हणाला, ‘ह्यात पाच घड टाकायचे. सकाळी बेदाणा तयार.’

‘येका रातीत?’

‘हो.’

‘डिपिंग कुणी केलं?’

‘लागत नाही.’

‘जाळ्या?’

‘लागत नाहीत.’

‘आन् निवडायला बाया?’

‘आज्जी, खेळ आहे गं तो.’

‘ते दिसतंय मला. भाव काय?’

आता बघा, माणूस मुरलेलं असलं की कसं विचारतं. चित्र कसलं, रंग कसले, काही नाही. भाव काय? नातवानं सांगितलं. घडाला ८० नाणी, म्हणजे पाच घडांचे ४००. त्यांचा बेदाणा केला की ६००.

‘दीडपट. बरं हाय,’ मावशी म्हणाली.

‘पण मी सगळ्याचा बेदाणा करत नाही. वाइन करतो. एका घडाची वाइन २४०ला जाते. पाच घडांचे झाले १,२००.’ पोरगं एकदम ऐटीत.

मावशी माळकरी. एकादशी चुकवत नाही. पण हिशेबाला तिचं सोवळं नाही. तिनं स्टूल ओढलं आणि बसली.

‘पिंपं किती हायत तुझ्याकडं?’

‘बारा.’

‘येका पिंपात घड किती?’

‘एक.’

‘एवढ्या दांडग्या पिंपात येकच घड?’

‘हो, एकच.’

‘बरं. किती दिसांनी निघती?’

‘सात.’

‘आन् घरात घड किती पडल्यात?’

त्यानं पेटी उघडून दाखवली. तीनशे.

मावशीनं कागद घेतला नाही, पेन घेतलं नाही. बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवत म्हणाली, ‘आठवड्याला बारा. तीनशेला पंचवीस आठवडं. तुझ्या खेळात वरीस किती दिसाचं?’

‘एकशे बारा. अठ्ठावीस दिवसांचा एक हंगाम, असे चार.’

‘म्हंजी सोळा आठवडं. आरं, फुडल्या सालची द्राक्षं दारात येतील तरी ही संपायची न्हाईत. तवर सडून जातील की!’

इथे नातू हसला. ‘आज्जी, इथं काही सडत नाही. पेटीत ठेवलं की दहा वर्षांनी काढलं तरी तसंच.’

‘सडत न्हाई?’

‘नाही.’

‘आन् समद्याची द्राक्षं येकदम बाजारात आली म्हंजी? भाव?’

‘पडत नाही. एक घड विक, नाहीतर हजार विक. ८० म्हणजे ८०.’

‘अवकाळी?’

‘पाऊस आला तर चांगलंच. त्या दिवशी पाणी घालायला लागत नाही.’

मंडळी, मावशी गप्प झाली. मी समोर खाटेवर बसलो होतो, मला वाटलं आता ही उठून जाणार. ती उठली नाही. पडद्याकडे बघत म्हणाली, ‘मंग बेदाणा करतोस कशाला?’

हा प्रश्न नीट ऐका. तासगावात बेदाणा होतो कारण द्राक्ष थांबत नाही. तोडलं की घड्याळ सुरू. व्यापारी आला नाही, भाव कोसळला, तर माल धरून ठेवायची एकच सोय, ती शेड. वाळवलेला बेदाणा शीतगृहात महिनोन् महिने राहतो आणि बऱ्या सौद्याची वाट बघता येते. सडण्याची भीती आणि भाव पडण्याची भीती, या दोन भीतींवर अख्खी शेड उभी आहे. खेळात या दोन्ही काढून टाकल्यात. मग उरलं काय?

नातवाला उत्तर आलं नाही. मावशीनंच दिलं. ‘तुला मालाची तूट न्हाई बाळा. तुला भांड्याची तूट हाय.’

पुन्हा म्हणतो. तूट मालाची नाही, भांड्याची. खेळ खेळणाऱ्या पोरांनी हे वाक्य लॅपटॉपवर चिकटवून ठेवावं.

मग तिनं लगेच पुढचं विचारलं. ‘ह्या पिंपात घालाय द्राक्षापरास महाग काय हाय का तुझ्याकडं?’ होतं. स्टारफ्रूट. मूळ भाव ७५०, वाइन झाली की २,२५०. म्हणजे एक पिंप आठवडाभर अडकवून द्राक्षावर १६० नाणी सुटतात आणि स्टारफ्रूटवर १,५००. पिंप तेच. आठवडा तोच.

‘मंग द्राक्षं कशाला कोंबतोस त्यात?’ मावशी म्हणाली. ‘द्राक्षं त्या रातीच्या पेटाऱ्यात घाल.’ त्याचे डिहायड्रेटर होते पाच. रात्रीला पंचवीस घड, म्हणजे बारा रात्रींत तीनशे संपले आणि ३६,००० नाणी हातात. कच्चे विकले असते तर २४,००० आले असते. वाइनचे ७२,००० झाले असते हे खरं, पण पंचवीस आठवड्यांनी, आणि तेवढे दिवस स्टारफ्रूट पेटीत पडून.

एवढं सांगून ती शेडवर गेली. खेळाचं नाव तिनं विचारलं नाही, अजूनही तिला ते माहीत नाही.

निर्मातीबाई काचेपलीकडून हात दाखवतायत. उरलेलं भरभर सांगतो.

पिंपांची तूट का असते? एका पिंपाला तीस लाकडं, तांब्याची एक वीट, लोखंडाची एक वीट आणि ओकच्या झाडाचा डिंक लागतो. घोडं अडतं ते डिंकापाशी. झाडाला टॅपर, म्हणजे डिंक गोळा करायचं साधन, ठोकला की आठवड्याभरात एकदाच डिंक मिळतो. म्हणून पहिल्याच वर्षी दिसेल त्या ओकला टॅपर ठोकून ठेवा. पिंप करायचं कसब शेतीची आठवी पायरी चढल्यावर येतं, बरणीचं चौथ्या पायरीला. तोवर डिंक साठू दे.

स्वस्त फळ बरणीत, महाग फळ पिंपात. सीमारेषा पन्नासची. ब्लूबेरीचा मूळ भाव बरोबर ५०. तिचा जॅम १५०, वाइनही १५०. मग तीन दिवसांत मोकळं होणारं भांडं घ्याल की सात दिवसांनी होणारं? भाजीला ही रेषा दोनशेची. ३२० भावाच्या भोपळ्याचं लोणचं ६९०ला जातं, रस ७२०ला. तीस नाण्यांसाठी पिंप अडकवू नका. हॉप्सचं, म्हणजे बिअरला लागणाऱ्या वेलफुलांचं, गणित निराळं. पंचवीस नाण्यांच्या हॉप्सची पेल एल नावाची बिअर ३००ला जाते, तीही दोनेक दिवसांत, म्हणून पिंपाला इतकं फायद्याचं स्वस्त पीक दुसरं नाही. फक्त वेलावरचे हॉप्स रोज तोडावे लागतात आणि वेलांच्या ओळीतून आरपार चालता येत नाही, वळसा घालावा लागतो.

डिहायड्रेटरची कृती पिएरच्या दुकानात १०,००० नाण्यांना मिळते. बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी दुकान बंद असतं. आणि असावंच. आपल्याकडेही आठवड्याची सुट्टी पाळणारा दुकानदार होता. आता रात्री अकराला मीठ संपलं की दहा मिनिटांत दारात माणूस हजर. अहो, सकाळी आणा की मीठ!

शेवटचं, आणि हे सगळ्यात जास्त पैशाचं. शेतीची दहावी पायरी आली की खेळ तुम्हाला पेशा निवडायला सांगतो. आर्टिझन घ्या. जॅम, लोणचं, वाइन, चीज, बेदाणा, सगळ्या पक्क्या मालाला ४० टक्के जास्त भाव. स्टारफ्रूटची २,२५०ची वाइन ३,१५०ला जाते. पण पाचव्या पायरीला टिलर हा पिकांचा पेशा घेतलेला असेल तरच दहाव्याला आर्टिझन समोर येतो. तिथे रँचर हा गुराढोरांचा पेशा घेऊन बसलेल्यांनी घाबरू नये. गावाच्या गटारात एक मूर्ती आहे, तिला १०,००० नाणी दिली की पेशा पुन्हा निवडता येतो. गटाराची चावी संग्रहालयात साठ वस्तू दिल्यावर मिळते.

नमस्कार.