स्कॉर्पिओ-एन : मागच्या ॲक्सलची गोष्ट

[दृश्य : दोन खांबांच्या लिफ्टवर चढवलेली गाडी. कॅमेरा मागच्या दोन चाकांच्या मधोमध, खालून वर.]

वरून ही गाडी सगळ्यांनी बघितली आहे. उभ्या पट्ट्यांची क्रोमची जाळी, मागच्या काचेपाशी नांगीसारखी वर वळलेली पट्टी, उंच बॉनेट. २७ जून २०२२ ला महिंद्राची स्कॉर्पिओ-एन आली आणि ३० जुलैला बुकिंग उघडलं, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात एक लाख गाड्यांची नोंद झाली. त्या गर्दीतल्या बहुतेकांनी गाडीचं पोट बघितलेलं नव्हतं. गाडीवेडे मात्र आधी खाली वाकतात. तेव्हा आपणही खालूनच सुरुवात करू.

या दोन लांब, जाड पोलादी तुळया. पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत गेलेल्या. त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या मोजत पुढे गेलात की शिडीचा आकार दिसतो. हीच लॅडर फ्रेम. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं हिच्यावर बसतं आणि माणसं बसतात तो टप रबरी माउंटिंगवर वेगळा ठेवला जातो.

२००२ ची पहिली स्कॉर्पिओ अशाच शिडीवर उभी होती. दरम्यान बाजार बदलला. टाटा सफारी २०२१ मध्ये परत आली ती मोनोकॉक होऊन, म्हणजे टप आणि चासी (खालचा सांगाडा) एकजीव. इनोव्हा हायक्रॉसने शिडी सोडली, डिझेल सोडलं आणि ओढही पुढच्या चाकांना दिली. खुद्द महिंद्राची एक्सयूव्ही ७०० मोनोकॉकच आहे. अशा काळात तीन रांगांची घरगुती गाडी नव्याने आखायची आणि तरी शिडी ठेवायची, हा निर्णय सोपा नव्हता. गाडीवेड्यांनी पहिली दाद दिली ती याला.

पण शिडी ठेवली की तिचं दुखणंही येतं. जुन्या स्कॉर्पिओत मागे बसून घाट चढलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. वळणावर गाडी झुकायची, सरळ झाली की उलट्या बाजूला झोका द्यायची. पोरांना उलट्या व्हायच्या. लोक म्हणायचे, उंच गाडी आहे, डोलणारच. उंची हे अर्धंच कारण होतं.

[दृश्य : मागच्या ॲक्सलचा जवळून शॉट. मेकॅनिकचं बोट एकेका दांडीवर.]

मागे बैलगाडीसारखा एकच आस, म्हणजे ॲक्सल, आहे. डावं-उजवं चाक एका कडक नळीने जोडलेलं, मध्ये दोन्ही चाकांना ओढ वाटून देणारा डिफरन्शियलचा गोळा. ओझं वाहायला आणि खडकाळ वाटेवर मार खायला याहून भरवशाची रचना नाही. अडचण एकच. हा आस स्प्रिंगवर वरखाली व्हायला हवा, पण डावी-उजवीकडे सरकता कामा नये. त्याला मधोमध धरून ठेवायचं कशाने?

प्रचलित उत्तर आहे पॅनहार्ड रॉड. एक तिरकी दांडी, एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. स्वस्त, हलकी, दुरुस्तीला सोपी. पण दांडीचं एक टोक खिळलेलं असलं की दुसरं टोक सरळ रेषेत फिरूच शकत नाही, ते कमानीत फिरतं. म्हणून खड्ड्यात चाकं वर गेली की अख्खा ॲक्सल थोडा एका बाजूला ओढला जातो, आणि चाकं खाली आली की परत येतो. सरळ रस्त्यावर एकामागोमाग उंचवटे आले की मागचा भाग शेपटी हलवल्यासारखा वाटतो तो यामुळे. आणि दांडी एकाच बाजूला बांधलेली असल्याने डावं वळण आणि उजवं वळण गाडी अगदी सारखं घेत नाही.

आता इथे बघा. या दोन आडव्या दांड्या. एक डावीकडच्या तुळईतून येते, एक उजवीकडच्या. दोन्हींची आतली टोकं या छोट्या पट्टीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला जोडली आहेत आणि ही पट्टी मधोमध खिळ्यावर फिरते. ॲक्सल वर गेला की एक दांडी त्याला डावीकडे ओढू बघते, दुसरी उजवीकडे. पट्टी फिरते आणि दोन्ही ओढ एकमेकींना खोडून काढतात. ॲक्सल जवळजवळ सरळ उभ्या रेषेत वरखाली होतो.

याला वॉट लिंकेज म्हणतात. जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या सरळ चालावा म्हणून शोधलेली ही जोडणी १७८४ च्या त्याच्या पेटंटमध्ये आहे. तिच्या जोडीला ॲक्सल पुढेमागे धरणाऱ्या चार दांड्या, दोन वर, दोन खाली. चार अधिक एक, म्हणून कंपनी याला पेंटालिंक म्हणते. पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन बाहू. चारी कोपऱ्यांत कॉइल स्प्रिंग.

[दृश्य : ताम्हिणी घाट, पाऊस नुकताच थांबलेला. गाडीच्या मागून, मग दुसऱ्या गाडीतून समांतर.]

मागच्या चाकाच्या वरची कमान आणि टायर यांच्यातली फट बघत राहा. वळणात बाहेरच्या बाजूची फट कमी होते आणि तिथेच थांबते. वळण संपताना झोका येत नाही. चालवणाऱ्याच्या हाताकडे बघा, एकदा धरलेलं स्टिअरिंग पुन्हा दुरुस्त करावं लागत नाही. ‘शिडीवरची गाडी आहे हे विसरायला होतं’ असं गाडीवेडे म्हणतात ते याच वळणांवर. फरक एकट्या वॉट लिंकेजचा नाही. गाडी लांबीला जुनीपेक्षा २०६ मिलिमीटरने वाढून ४,६६२ झाली, रुंदी ९७ ने वाढून १,९१७, आणि उंची १,९९५ वरून १,८५७ वर आली. म्हणजे रुंद झाली, बसकी झाली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,७५०.

या बसकेपणावर मतं मात्र फाटतात. जुन्या स्कॉर्पिओवाल्यांना उंच टप हवा होता. आत चढल्यावर पागोट्यालासुद्धा जागा उरायची, आणि रस्त्यावर गाडी दुरून ओळखू यायची. त्यांच्यासाठी जुनी गाडी स्कॉर्पिओ क्लासिक नावाने चालूच ठेवली. क्लासिक नाशिकला बनते, एन चाकणला.

[दृश्य : पुन्हा लिफ्ट. हातात पाना आणि टॉर्च.]

आता जे शोरूममध्ये सांगत नाहीत ते. वॉट लिंकेजला पॅनहार्डपेक्षा सांधे जास्त, आणि प्रत्येक सांधा जपावा लागतो. सांध्यातला रबरी बुश झिजला की स्पीडब्रेकर उतरताना मागून ‘टक्’ असा सुका आवाज येतो. हायवेवर ट्रकच्या बाजूने जाताना मागचा भाग क्षणभर सैल वाटतो. अशा वेळी लोक अलाइनमेंट करून येतात आणि पैसे वाया घालवतात. मागच्या सरळ ॲक्सलला अलाइनमेंटची सोयच नसते.

तपासायची रीत अशी. गाडी चाकांवरच उभी ठेवायची, खड्ड्यावर किंवा रॅम्पवर. एकाने मागच्या कोपऱ्याला धरून टप आडवा हलवायचा, दुसऱ्याने खालून टॉर्च मारायचा. रबर दबतंय आणि परत येतंय, तर ठीक. बोल्ट बुशच्या आत हललेला दिसला, रबराला गोल चीर दिसली किंवा मधली पट्टी तिच्या खिळ्यावर पुढेमागे डुगडुगली, तर तो सांधा गेला.

आणि बदलताना होणारी चूक जवळजवळ प्रत्येक गॅरेजात होते. लिफ्टवर ॲक्सल लोंबत असतो. नवा बुश बसवून तिथेच बोल्ट पूर्ण आवळला की रबर त्या लोंबत्या कोनात पकडलं जातं. गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि अकाली फाटतं. मग दोष स्पेअर पार्टला जातो. म्हणून बोल्ट लिफ्टवर फक्त हाताने बसवायचा. गाडी खाली घ्यायची, मागून दोनदा दाबून नेहमीच्या उंचीवर बसू द्यायची, आणि शेवटचा पाना टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, तेव्हा मारायचा. कितीचा, ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

हौसेने गाडी उंच करायचं लिफ्ट किट टाकणाऱ्यांनी हेच ध्यानात ठेवावं. गाडी उचलली की पॅनहार्डवाल्या गाडीत ॲक्सल एका बाजूला सरकतो. इथे तो मधोमध राहतो, हा फायदा खरा. पण पुढेमागे धरणाऱ्या चारी दांड्या तिरक्या होतात आणि त्यांचे बुश पुन्हा पिळले जातात. नुसत्या स्प्रिंगखाली ठोकळे घालून भागत नाही. सगळे बोल्ट नव्या उंचीवर ढिले करून परत आवळावे लागतात.

[दृश्य : मुळशी बाजूची ओढ्याकाठची चिखलवाट. डावं मागचं चाक जागेवर फिरतंय.]

चारही चाकांची ओढ फक्त डिझेलला मिळते. १७५ पीएसचं २.२ लिटर इंजिन, टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, मॅन्युअलला ३७० न्यूटन मीटर, ऑटोमॅटिकला ४००. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल ताकदीला त्याहून जास्त, २०३ पीएस, आणि गाडीवेड्यांतला एक गट सांगतो की शांतपणात डिझेल त्याच्या जवळपास जात नाही. पण या चिखलात ते इथवर आलंच नसतं.

हे चाक फिरतंय आणि गाडी हलत नाही. इथे बहुतेक चालक घाबरून ॲक्सलरेटर सोडतात. सोडू नका. मागच्या डिफरन्शियलमधलं यांत्रिक लॉक चाकांच्या वेगातला फरक बघून लागतं. एक चाक थोडं फिरल्याशिवाय त्याला कळत नाही. पाय हलका पण स्थिर ठेवा. हा आवाज ऐकलात? लॉक बसलं. आता दोन्ही चाकं बरोबर ढकलतात. गाडी बाहेर.

[दृश्य : मागचं डावं दार. एक बाई, हातात लहान मूल, तिसऱ्या रांगेत चढताना.]

दुसऱ्या रांगेची डावी सीट एका खटक्यात पुढे उलटते. वाट मिळते, पण पायरी उंच आहे. कारण पुन्हा शिडीच. खाली तुळया आणि त्यांच्याखाली हलायला मोकळीक हवी असलेला आस, त्यामुळे मागची जमीन उंच राहते आणि बसणाऱ्याचे गुडघे वर येतात. मागे दोनच माणसं. मुलांना ठीक, मोठ्या माणसाला पुण्याहून महाबळेश्वरपर्यंत अवघड.

इथे गाडीवेड्यांची तक्रार एकमुखी आहे आणि तिचा शिडीशी संबंध नाही. दुसऱ्या रांगेची पाठ कलते, पण सीट पुढेमागे सरकत नाही. ती चार बोटं सरकली असती तर तिसऱ्या रांगेचा प्रश्न निम्मा सुटला असता. मागे एसीचे स्वतंत्र झरोके नाहीत. तिसरी रांग दुमडते, पण जमिनीशी सपाट होत नाही. आणि सहा माणसं बसली की सहांचं सामान मावत नाही. एक तरी बॅग छतावर. डिकीचं दार बाजूला उघडतं. मागे भिंत असलेल्या पार्किंगमध्ये गाडी उलटी लावली की सामान काढता येत नाही, म्हणून तोंड भिंतीकडे करून लावा. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली. पावसाळ्याआधी तिचा स्क्रू एकदा फिरवून ग्रीस लावून ठेवा. चिखलाने जाम झाला तर पंक्चरच्या वेळी ती उतरत नाही.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच : रोजची फेरी दोन-तीन किलोमीटरची असेल तर धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साचते. आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर एका लयीत तापू द्या. धूर स्वच्छ करणाऱ्या ॲडब्लू या द्रवाची टाकी वेगळी आहे. पंपावर उतरून स्वतः बघा, ते डिझेलच्या टाकीत पडलं तर खर्च मोठा येतो.

सुरक्षेचं थोडक्यात. २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या जुन्या स्कॉर्पिओला गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने शून्य तारे दिले होते. डिसेंबर २०२२ मध्ये एनला मोठ्यांच्या सुरक्षेत पाच तारे मिळाले, ३४ पैकी २९.२५ गुण, मुलांच्या सुरक्षेत तीन तारे. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या एएनकॅपने याच गाडीला शून्य दिलं. तिथे आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेलाही गुण असतात, आणि ती या गाडीत नव्हती. २०२५ मध्ये ती आली, पण वरच्या प्रकारांतच.

[दृश्य : चाकणचा रस्ता, ट्रेलरवर चढवलेल्या नव्या गाड्या.]

पुढच्या बदलात काय हवं, हे विचारलं तर मागण्या लहान आहेत. दुसऱ्या रांगेला सरकता रूळ. तिसऱ्या रांगेत दोन झरोके. आपोआप ब्रेक खालच्या प्रकारातही. आणि मागच्या ॲक्सलला हात लावू नका.