मसुराच्या डाळीएवढा तुकडा

(दृश्य : सोलापूरजवळच्या कुंभारीची विडी घरकुल वसाहत. सकाळचे सात. ओट्यावर सूप, कात्री, तंबाखू. कॅमेरा हातांवर.)

हे हात बघा. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान, त्यावर पत्र्याचं माप, मापाच्या कडेनं फिरणारी कात्री. पान कापलं, तंबाखू पसरली, गुंडाळलं, दोरा बांधला. हजार विड्या व्हायच्या तर आठ-दहा तास मांडी घालून बसावं लागतं. या फिल्ममध्ये ताईंचे फक्त हात दिसतील. चेहरा दाखवायचा नाही, नाव घ्यायचं नाही, ही त्यांची अट. बाकी सगळं सांगायला त्या तयार झाल्या.

ताई ४१ वर्षांच्या आहेत. तीन वर्षं त्यांना खाली खाज सुटत होती.

"मांडी घातली की सुरू. रात्री झोपेत खाजवायचे, नि सकाळी लघवीला बसलं की मिरची लागल्यागत आग. कुणाला सांगू ओ? नवऱ्याला सांगितलं तर त्याला काय वाटंल, सासूला सांगितलं तर तिला काय वाटंल."

खोबरेल तेल झालं. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी झालं. मेडिकलमध्ये जाऊन "खाजेची ट्यूब द्या" एवढंच म्हणायचं. कुठली खाज ते दुकानदार विचारत नाही, ताई सांगत नाहीत. अशा चार ट्यूब संपल्या. याला आपण 'अंगावर काढणं' म्हणतो आणि बाईच्या बाबतीत ते कौतुकानं म्हणतो. सोशिक आहे हो, बोलत नाही कधी. मला या कौतुकाचा राग येतो.

न बोलण्याचं आणखी एक कारण आहे. खेड्यातल्या म्हाताऱ्या 'मायांग' म्हणतात, पुस्तकात 'योनी' असतं, पण हे शब्द आतल्या मार्गाचे. बाहेरच्या कातडीला, ओठांसारख्या त्या घड्यांना डॉक्टर 'व्हल्वा' म्हणतात. आपल्याकडे घरात बोलायला त्याला शब्दच नाही. 'खाली' म्हणायचं आणि गप्प बसायचं.

(दृश्य : लोखंडी कपाट. साड्यांच्या घडीखालून प्लॅस्टिकची पिशवी निघते. पिशवीत घडी घातलेला कागद.)

हे ताईंचं डिस्चार्ज कार्ड. सात वर्षांपूर्वीचं. पाळीत फार रक्त जायचं म्हणून एका खासगी दवाखान्यात पिशवी काढली, तेव्हा त्या ३४ वर्षांच्या होत्या. घडीवर कागद फाटलाय, शाई फिकी झालीय. सगळं इंग्रजीत. त्यात एक ओळ आहे : टी. ए. एच. विथ बी. एस. ओ. पहिल्या तीन अक्षरांचा अर्थ पोट उघडून गर्भपिशवी काढली. पुढच्या तीन अक्षरांचा अर्थ दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही बीजांडं, म्हणजे अंडाशयंही काढली.

हे मी वाचून दाखवलं त्या दिवशी ताई विड्या वळायच्या थांबल्या. पिशवी काढल्याचं त्यांना माहीत होतं. बीजांडं काढल्याचं सात वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

फरक मोठा आहे. नुसती पिशवी काढली तर महिन्याची पाळी थांबते, पण बीजांडं त्यांचं काम करत राहतात. दोन्ही बीजांडं काढली की इस्ट्रोजन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, एकदम घसरतं. निसर्ग जे काही वर्षांत हळूहळू करतो, ते काही दिवसांत होतं. भारतात बायकांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. ४५ च्या आत गेली तर ती लवकर गेली असं धरतात, ४० च्या आत गेली तर फारच लवकर. ताईंची ३४ व्या वर्षी गेली, टेबलावर, भुलीत असताना.

ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली बीडमधून पुढे आला, विधिमंडळापर्यंत गेला. सोलापूरही उसाचाच जिल्हा. आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की, बाईनं तपासणीपुरती संमती दिली असेल तर त्या संमतीवर तिची पिशवी आणि बीजांडं काढता येत नाहीत. जिवाला लगेच धोका असेल तरच गोष्ट वेगळी. त्या खटल्यातल्या बाई भुलीत असताना डॉक्टरांनी त्यांच्या आईची संमती घेतली होती. कोर्टानं ती धरली नाही. सही करायच्या आधी "बीजांडं ठेवणार का काढणार?" एवढा एक प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

(दृश्य : रात्र. अंधारात फिरणारा पंखा. पायाशी लोटलेली चादर.)

माझी पाळी ३९ व्या वर्षी गेली. ऑपरेशन नाही, आजार नाही, आपोआप. मी सांगितलं की प्रत्येक जण एकच शब्द म्हणायचा : सुटलीस. आई म्हणाली, शेजारीण म्हणाली. मी सुटले नव्हते. रात्री छातीतून वाफ उठायची, मानेवर घाम, चादर लाथेनं बाजूला. दहा मिनिटांनी थंडी वाजून तीच चादर पुन्हा अंगावर. सोलापूरच्या एप्रिलमध्ये, बाहेर ४२ अंश असताना, हा आतला जाळ कुणाला समजावून सांगणार? कारण नसताना रडू यायचं. नवरा जवळ आला की कोरडेपणानं दुखायचं आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे. म्हणून ही फिल्म.

(दृश्य : सोलापूरच्या सरकारी रुग्णालयाबाहेर रिक्षा. केसपेपरची रांग.)

या रुग्णालयाचं नाव छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. सोलापूरकरांच्या तोंडी मात्र 'सिव्हिल'. शेजारच्या अक्कांनी ताईंना इथं आणलं. अक्का तेलुगू बोलणाऱ्या, ताई मराठी. वीस वर्षं ओट्याला ओटा लागून. डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि आरसा हातात दिला. ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा ती जागा पाहिली. कातडी पांढरी पडलेली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, सुरकुतलेली. एका ठिकाणी चीर.

ताईंच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "कोड?"

कोड नव्हे. कोडात रंग जातो, कातडी मऊच राहते आणि सहसा खाज येत नाही. इथं खाज होती, कातडी बदलली होती. मॅडमना लायकेन स्क्लेरोसस या कातडीच्या आजाराची शंका होती. तो संसर्गाचा नाही, नवऱ्याकडून येत नाही, अस्वच्छतेनं होत नाही. पाळी गेलेल्या बायकांत तो जास्त दिसतो. पण एका बाजूला कातडी जाड लागत होती, म्हणून मॅडम म्हणाल्या, "तुकडा तपासायला पाठवू."

तुकडा. हा शब्द ऐकला की आपल्याकडे घरभर एकच अर्थ पसरतो. त्या रात्री अक्कांच्या घरी तीन बायका जमल्या आणि तिघींनी तेच सांगितलं, सुई लावली की कॅन्सर पसरतो. हे खरं नाही. अशा तुकड्यानं कॅन्सर पसरत नाही. न काढल्यामुळे मात्र लपून राहतो. लायकेन स्क्लेरोससमध्ये कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात पाचाहून कमी आहे, आणि उपचार नीट चालू ठेवले तर ते आणखी घटतं.

आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंद घेणारी माणसं गावोगाव जाऊन लक्षणांबद्दल बोलत राहिली, आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेल्या बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात यायला लागल्या. कुणीतरी येऊन विचारलं, बोललं, एवढ्यानं.

(दृश्य : ओट्यावर कापडी पिशवी भरली जाते.)

तुकडा काढायच्या आदल्या दिवशीची तयारी. त्या चारही ट्यूब पिशवीत. हे फार महत्त्वाचं, कारण मेडिकलमधल्या पुष्कळ ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं आणि त्यानं तपासणीतलं चित्र पुसट होऊ शकतं. काय लावलंय ते डॉक्टरांना कळलं पाहिजे. चालू गोळ्यांची पाकिटं. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. भुलीच्या इंजेक्शनचा पूर्वी कधी त्रास झाला असेल, तर तो सांगायचा. साखरेची तपासणी आधीच केलेली बरी, कारण मधुमेहातही खाली खाज येते आणि जखम भरायला वेळ लागतो. केस काढायचे नाहीत. ब्लेडनं होणारे बारीक काप त्रास देतात. सकाळी साध्या पाण्यानं धुवायचं, पावडर नाही, मलम नाही. सैल सुती चड्डी, एक पॅड. उपाशी राहायची गरज नाही. ताई तरीही उपाशीच निघाल्या होत्या. अक्कांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायला लावली.

आणि पुरुष डॉक्टर तपासणार असतील, तर खोलीत बाई हवी असं सांगायचं. तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

(दृश्य : पडदा. पडद्याबाहेर अक्कांच्या चपला. आतला आवाज ऐकू येतो, दिसत काही नाही.)

आधी बधिर करणारं मलम लावून मॅडम थोडा वेळ थांबल्या. मग इंजेक्शन. खोटं सांगणार नाही, ती सुई चुरचुरते. ताईंनी अक्कांचा हात धरला होता, त्या हाताला नखं लागली. अर्ध्या मिनिटात जागा बधिर झाली. मग पेनासारखं एक हत्यार, टोकाला गोल धार. ते फिरवून कातडीचा चार मिलिमीटरचा तुकडा घेतला. मसुराच्या डाळीएवढा. दाबल्यासारखं वाटलं, दुखलं नाही. रक्त थांबवायला औषध लावलं. काहींना आपोआप विरघळणारा एक टाका पडतो. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

तो तुकडा फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या औषधाच्या डबीत गेला आणि डबी अक्कांच्या हातात आली, पॅथॉलॉजीत, म्हणजे तुकडा तपासतात तिथं, नेऊन द्यायला. अक्कांनी आधी डबीवरचं नाव वाचलं. सावकाश, एकेक अक्षर. मराठी त्या साठाव्या वर्षी नातीकडून शिकल्या.

पुढचे काही दिवस सोपे असतात, फक्त सांभाळावे लागतात. लघवी करताना वरून कोमट पाणी ओतत राहायचं, आग होत नाही. मग टिपून कोरडं करायचं, चोळायचं नाही. थोडं व्हॅसलिन. दुखलं तर पॅरासिटामॉल. जखम भरेपर्यंत संबंध नाही. पॅड भिजेल एवढं रक्त, ताप, पू, पसरणारी लाली यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. ताईंना यातलं काही झालं नाही. चार दिवस मांडी घातली नाही, आणि चार दिवसांची मजुरी बुडाली.

अहवाल यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत ताई नीट जेवल्या नाहीत.

(दृश्य : हातात कागद.)

लायकेन स्क्लेरोसस. कॅन्सर नाही.

औषध म्हणजे क्लोबेटासॉल नावाचं तीव्र स्टेरॉइड मलम. पहिला महिना रोज रात्री, दुसरा महिना दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरते, इतकं कमी लागतं. कुठं आणि किती लावायचं हे मॅडमनी आरशात दाखवलं. चार ट्यूब बिनआरशाच्या गेल्या होत्या, पाचवी आरसा बघून. हा आजार मुळापासून जात नाही, ताब्यात राहतो. म्हणून दर वर्षी दाखवायचं, मध्ये गाठ आली किंवा जखम भरेना तर लगेच. पाळी गेल्यानं आलेला आतला कोरडेपणा वेगळा, त्याला इस्ट्रोजनचं वेगळं मलम.

बीजांडांचं काय? इतक्या लवकर इस्ट्रोजन गेलं की हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. म्हणून अशा बायकांना साधारण पन्नाशीपर्यंत संप्रेरकाच्या गोळ्या किंवा पट्ट्या द्याव्यात असं डॉक्टर सांगतात. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, तर मात्र सहसा देत नाहीत. सात वर्षं ताईंना हे कुणी विचारलंच नव्हतं. आता हाडांची तपासणी झालीय, गोळी सुरू आहे.

(दृश्य : संध्याकाळ. ओटा. पाच-सहा जणींचे हात, सगळे विड्या वळणारे. मधे शेंगांची वाटी.)

याला मी आधारगट म्हटलं तर या बायका हसतील. दिवे लागायच्या वेळी त्या बसतात, एवढंच. कुणाला वाफा येतात, कुणाची पिशवी काढलेली, एकीची पाळी माझ्यासारखी आपोआप गेलेली. इथं कुणी कुणाला 'सुटलीस' म्हणत नाही. ताईंनी नवऱ्याला सांगितलं ते याच ओट्यावरून उठून. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मला वाटलं, तुला मी नकोसा झालो." ज्यांना असा ओटा नाही, रात्री फार जड जातं, त्यांना १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. मी लावलाय.

आज पलीकडच्या गल्लीतली एक बाई आलीय. वय ३६. तिच्याही हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कार्ड. ताईंना इंग्रजी येत नाही. पण त्यांनी कार्ड घेतलं, दिव्याकडे धरलं, ओळीवरून बोट फिरवत गेल्या आणि बी. एस. ओ. ही तीन अक्षरं शोधली.

नव्हती.

"बीजांडं ठेवलीत बघ तुझी," ताई म्हणाल्या. "आता सांग, खाज कवापासनं आहे?"