पारा 6 वर आला की परसबागेचं काय करायचं?

रामराम मंडळी, कसे आहात सगळे. आवाज जरा बसलेला वाटंल, गारठाच तसा पडायलाय आणि पहाटं पहाटं उठून बागेत हिंडायचं म्हणल्यावर घसा धरणारच. तर आज विषय आहे थंडी आणि आपली घरामागची भाजी. टमाट्याची फुलं गळायलेत, मिरचीची पानं मुरडायलेत, तुळस काळी पडायलीय, दोडक्याचा वेल हाय तिथंच थांबलाय, असं ज्यांच्याकडं चालूय त्यांनी हा व्हिडिओ पूर्ण बघा, मधी पुढं ढकलू नका.

पहिलं म्हणजे मोबाईलवर दिसणारं तापमान. ॲपमध्ये 8 दिसलं की आपण म्हणतो, चला 8 आहे, बर्फ थोडाच पडणार. पण वेधशाळेचा थर्मामीटर असतो लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, आणि आपली मेथी, आपलं टमाट्याचं रोप असतंय खाली मातीजवळ. वारा पडलेला, आभाळ निरभ्र अशा रात्री मातीलगतची हवा त्या पेटीतल्या हवेपेक्षा दोन-चार अंशांनी गार असू शकते. म्हणजे ॲपमधल्या 8 चे तुमच्या वाफ्यात 5 झालेले असतात. डिसेंबर 2024 मध्ये परभणीला कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा 5 च्या खाली गेला होता, आता त्या पहाटं एखाद्या खोलगट परसात काय झालं असंल याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि खोलगट मुद्दाम म्हणलं बरं का. गार हवा जड असते, ती उतारानं खाली वाहत येते आणि जिथं अडंल तिथं साचून बसते. घरामागं उतार असंल आणि खालच्या अंगाला पक्की भिंत असंल, तर त्या भिंतीच्या वरच्या बाजूला पहिलं रोप जातंय. खालच्या कोपऱ्यातलंच रोप दरवर्षी कामून मरतं, त्याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतंय, आपण उगं खताला आणि बियाण्याला नावं ठेवतो.

आता थंडी नेमकी करते काय ते बघू, म्हणजे उपाय पाठ करत बसावं लागणार नाही. दिवसभर ऊन मातीत मुरतं, रात्री तीच ऊब माती परत आभाळाकडं सोडते. ढग असले की ती ऊब बरीचशी खाली परत येते, म्हणून ढगाळ रात्र कोमट असते. आभाळ मोकळं, वारा बंद, हवा कोरडी असली की ऊब सरळ निघून जाते आणि पहाटं, सूर्य उगवायच्या जरा आधी-नंतर, सगळ्यात जास्त गारठा असतोय. तिकडं उत्तरेत हिमालयात बर्फ पडून गेलं की तिकडचं कोरडं गार वारं आपल्याकडं येतंय, आभाळ धुतल्यासारखं निळं होतंय आणि दोन दिवसांनी वारा पडतोय. ती वारा पडलेली रात्र जपायची. हवामान खातं मैदानी भागात थंडीची लाट कधी म्हणतं, तर किमान तापमान 10 किंवा त्याच्या खाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी कमी असंल तेव्हा. पण तुम्ही लाट जाहीर व्हायची वाट बघू नका, संध्याकाळी अंगणात उभं राहून आभाळ आणि वारा बघा, ते ॲपपेक्षा लवकर सांगतंय. तरी पण हवामान खात्याचं मेघदूत ॲप मोबाईलवर टाकून ठेवा, जिल्ह्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मराठीत असतो.

तर मुद्दा असा की ऊब मातीतून येते. आपण वरून जे काय टाकतो ते ऊब तयार करत नाही. आजीची वाकळ कुठं गरम असते, गरम आपण असतो, वाकळ फक्त ती जाऊ देत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की झाकण्यातल्या निम्म्या चुका आपोआप जातात.

(कॅमेरा वाफ्याकडं)

हे बघा, इथं लोक काय करतात, टमाट्याच्या झाडाच्या डोक्यावर पॉलिथिनची पिशवी घालून बुडाला गाठ मारतात, झाडाला टोपी घातल्यागत. आता सांगा, मातीची ऊब त्या पिशवीत येणार कुठून? बुड तर बांधून टाकलंय. वर आणि प्लास्टिक पानाला चिकटलंय, जिथं चिकटलं तिथलं पान पहिलं काळं पडतंय. झाकण तंबूसारखं पाहिजे, वरून खाली जमिनीपर्यंत आलेलं, कडांवर माती किंवा विटा ठेवलेल्या, आणि आत पानाला कुठंच न टेकणारं.

त्यासाठी सांगाडा लागतो. शहरातले व्हिडिओ बघून लोखंडी कमानी मागवू नका, ठिबकची जुनी 16 एमएमची नळी घ्या, दोन तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, वाफ्याच्या दोन्ही कडांना रोवा, नळीची तोंडं त्यांच्यावर घाला, झाली कमान. दोन-अडीच फुटावर एक अशा कमानी केल्या की चवाळं, म्हणजे पोती जोडून शिवलेलं मोठं पांघरूण, अंथरायचं. चवाळं नसंल तर बारदान उसवून, तेही नसंल तर जुन्या साड्या. आपल्याकडं रानडुकरासाठी शेताला साड्या बांधतातच, त्यातल्या दोन घरी ठेवा. फक्त साडी पातळ असते, दुहेरी करून टाका. विकत घ्यायचंच असंल तर क्रॉप कव्हर मिळतं, पपई आणि टरबूजवाले वापरतात तेच पांढरं कापड, हलकं असतं, हवा-पाणी जाऊ देतं. ग्रीन नेटवर जास्त भरवसा ठेवू नका, ती उन्हाळ्याची वस्तू, भोकातून ऊब निघून जाते, अगदीच काही नसल्यास चारपदरी करून टाका.

टाकायचं कधी, तर ऊन उतरायच्या आत, पाच-साडेपाचला, मातीत ऊब आहे तोवर. जेवून, सिरियल बघून, साडेनऊला आठवण झाली आणि मग झाकलं, तर निम्मी ऊब गेलेली असते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे थंड देशातल्या व्हिडिओत तेवढं ठासून सांगत नाहीत कारण तिकडं त्याची गरज कमी. तिकडं दिवसाही गारठा असतो, झाकलेलं आठवडाभर झाकलेलंच राहिलं तरी बऱ्याचदा चालतं. आपल्या मराठवाड्यात पहाटं 7 आणि दुपारी 28, कधी 30. एका दिवसात वीस-तेवीस अंशांचा फरक! प्लास्टिक टाकून तसंच ठेवलं तर अकरा वाजेपर्यंत आतली भाजी वाफवून निघते, म्हणजे रात्री थंडीनं वाचलेलं रोप दुपारी उन्हानं जातं. वर आत दमट राहिल्यानं भुरी, करपा, मावा असे रोग-किडीचे सगळे पाहुणे येतात. म्हणून सकाळी ऊन वाफ्यावर आलं, आठ-साडेआठ झाले, की झाकण काढायचं म्हणजे काढायचंच, म्हणजे माती परत ऊन पिते आणि रात्रीसाठी ऊब साठते. ज्यांना सकाळी सातलाच ड्युटीला जावं लागतं त्यांनी प्लास्टिकच्या नादी लागू नये, क्रॉप कव्हर किंवा कापड वापरावं आणि घरात जो कुणी मागं राहतो त्याला काम सांगून जावं, सासूबाई असतील तर गोड बोलून.

आता पाणी. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब धरते आणि खालची ऊब वर पण आणते, म्हणून थंडीत वाफा कोरडा ठेवायचा नाही. आपल्याकडं ‘रात्री पाणी सोडा’ असं सांगतात, ते शेतासाठी बरोबर आहे, कारण विहिरीचं, बोअरचं पाणी जमिनीतून येतं, थंडीत ते हवेपेक्षा कितीतरी कोमट असतं, पहाटं विहिरीतून वाफा निघताना बघितल्याच असतील. पण घरच्या चार वाफ्यांना मी म्हणेन दुपारी बारा ते तीनमध्ये द्या, म्हणजे त्या ओल्या मातीला दोन-तीन तास ऊन पण मिळतं. बुडाला द्या, पानांवर नको, ओलं पान रात्री आणखी गार पडतं. आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी सात वाजता झाडाला घालू नका, त्या पाण्यानं आपण तोंड धुवायला भितो आणि मुळांना घालतो, हे काय बरोबर नाही. खोल भिजवायचं म्हणजे चिखल करायचा नाही बरं का, टँकरच्या मुलखातले आहोत आपण.

पाण्याचाच दुसरा उपयोग सांगतो, मला हा लई आवडतो. 20 लिटरचे रिकामे कॅन असतात ना, काळा रंग द्या, पाणी भरून वाफ्यात झाडांच्या मधी ठेवा आणि रात्री झाकणाच्या आत येऊ द्या. दिवसा तापतात, रात्री हळूहळू ऊब सोडतात. हिशोब करून बघा, 20 लिटर पाणी 10 अंशांनी गार झालं की 200 किलोकॅलरी उष्णता देतं, म्हणजे जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब साधारण चार तास लावून ठेवल्याइतकी, आणि लाईट बिल शून्य. काही जण झाकणाच्या आत एलईडी बल्ब लावतात, त्यानं उजेड पडतो, रोपाला काही फरक पडत नाही.

मल्चिंगबद्दल जरा वेगळं बोलतो, काही जणांना पटणार नाही. सगळे सांगतात थंडीत बुडाला पालापाचोळा, सोयाबीनचं भुसकट जाड टाका. लसूण, कांदा, गाजर, मुळा यांना टाका, मुळं राखली जातात. पण टमाटे, वांगी, मिरची यांचा जीव वरच्या पानाफुलांत अडकलाय, आणि जाड भुसकट दिवसा ऊन मातीत जाऊ देत नाही, रात्री मातीची ऊब वर येऊ देत नाही. म्हणजे मुळं कोमट आणि शेंडा गार. म्हणून कडाक्याच्या आठवड्यात या झाडांच्या बुडाचं भुसकट बाजूला सारा, माती उघडी आणि ओली ठेवा, वरून रात्री झाका. थंडी सरली की परत ओढून घ्या. भुसकटात हात घालताना आधी काठीनं हलवा, उबेला काय काय येऊन बसलेलं असतं ते सांगायला नको.

वाऱ्यासाठी उत्तरेच्या अंगाला तुराट्यांचा किंवा कडब्याचा ताट्या उभा करा. लातूर, धाराशिवकडच्या मंडळींनी येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात कडब्याची कोप (खोपी) केलेली असतेच, नंतर तो कडबा गुरांनी खाल्ला नसंल तर चार पेंड्या इकडं आणा. दक्षिणेची बाजू मोकळी ठेवायची, ऊन तिकडूनच तिरपं येतं.

गच्चीवाल्यांचं काम सोपं आहे, त्यांची बाग उचलता येते. कुंडीला चारी बाजूंनी गारठा लागतो म्हणून सुट्या सुट्या ठेवू नका, दुपारचं ऊन खाणाऱ्या भिंतीला सगळ्या चिकटून मांडा, नाजूक आत आणि दणकट बाहेर, भोवतीनं बारदान गुंडाळा. कढीपत्त्याचं लहान रोप, तुळस यांना रात्री जिन्यात घ्या.

सगळ्यांनाच झाकायची गरज नाही हे पण सांगतो, नाहीतर आख्खं घर रोज संध्याकाळी साड्या घेऊन पळंल. पालक, मेथी, कोथिंबीर, गाजर, मुळा, कोबी, फ्लॉवर, लसूण, यांना आपल्याकडची थंडी मानवते, उलट गाजर गोड होतं. वाटाण्याचा वेल टिकतो, फुलं मात्र दगावतात. जपायचे ते टमाटे, वांगी, मिरची, भेंडी, गवार आणि काकडी-दोडका-भोपळा ही सगळी वेलवर्गीय मंडळी. आणि भेंडीचं बी या दिवसांत टोकलं असंल तर ते उगवत नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, माती गार आहे.

टमाट्याची फुलं गळतात त्याचं पण तेच. रात्री 13 च्या खाली जात राहिलं की परागकण नीट काम करत नाही, फळ धरत नाही, फूल पिवळं पडून गळतं. रोग नाही तो, फवारणी करू नका. पानाची खालची बाजू जांभळट दिसायलीय, तर गार मातीत मुळं स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलत नाहीत, डीएपी खत टाकायला पळू नका, मातीत असलेलं स्फुरद ऊब आली की मुळं आपोआप घेतात. सकाळी झाड मान टाकून उभं असतं आणि दुपारी परत ताठ होतं, ते पण गार मुळांमुळं, पाणी कमी पडलं म्हणून नाही. आणि युरिया तर अजिबात नको, कोवळी लुसलुशीत फूट आली की पुढच्या थंडीत तीच पहिली जाते.

धुराचं विचारतात लोक. द्राक्षवाले बागेत जागोजागी शेकोट्या करतात, तिथं हवा हलते आणि थोडी तापते, जागा मोठी असते. आपल्या दोन गुंठ्यांत एक टोपलं पाचट पेटवून फक्त शेजारणीची वाळत घातलेली कपडे आणि तिच्याशी असलेले संबंध खराब होतात. राख तेवढी वाफ्याला मिळते.

आता ज्यांचं झाड आधीच मार खाऊन बसलंय. काळी पडलेली पानं, शेंडे लगेच छाटू नका. एक तर ती मेलेली पानं खालच्या जिवंत फांदीला थोडा आडोसा देतात, दुसरं म्हणजे छाटलं की झाड नवीन फूट काढायच्या मागं लागतं आणि रात्री अजून गारच आहेत. आठ-दहा दिवस थांबा, रात्री 12-13 च्या वर राहायला लागल्या की नखानं साल खरवडून बघा, हिरवं दिसंल तिथवर ठेवा, त्याच्या वरचं कापा. वांगं आणि मिरची बुडातून परत फुटतात, लई चिवट जात आहे. टमाटा शेंड्यापासून बुडापर्यंत काळा झाला असंल तर मात्र उपटून टाका, तिथं पालक फेका, महिनाभरात भाजी खाल.

शिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते म्हणतात, तोवर कमानी काढू नका, एखादी गार रात्र मधीच येते. चवाळी धुऊन, उन्हात वाळवून घडी घालून ठेवा, उंदरं लागणार नाहीत अशा जागी. पुढच्या व्हिडिओत टरबुजाची आणि काकडीची रोपं ग्लासात कशी करायची ते दाखवतो, त्यासाठी चहाचे कागदी कप फेकू नका, जमवून ठेवा.