जुना बेसबॉल ग्लोव्ह: बोटांपासून बघायला सुरुवात करा

श्रोतेहो, नमस्कार. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक सोडला तर बाकी सगळे उघड्या हातांनी झेल घेतात. अमेरिकेत बेसबॉलही सुरुवातीला असाच खेळला जायचा आणि ग्लोव्ह घालणारा भित्रा ठरायचा. म्हणूनच 1875 साली चार्ल्स वेट या खेळाडूने कातडीच्या रंगाचा ग्लोव्ह निवडला, लोकांच्या नजरेत भरू नये म्हणून. 1877 साली अल्बर्ट स्पॉल्डिंगने मात्र काळा ग्लोव्ह राजरोस घातला. क्रीडासाहित्याचा धंदा त्याचा स्वतःचाच होता!

तेव्हाच्या ग्लोव्हची बोटं अर्ध्यावर कापलेली असायची. संग्राहक अशा ग्लोव्हसाठी जीव टाकतात आणि फसतातही इथेच, कारण कामगारांच्या साध्या हातमोज्याची बोटं कापून तो बेसबॉलचा म्हणून खपवता येतो. भिंग घेऊन बोटांच्या कडा बघा. जुनी कड झिजून गोलसर झालेली आणि बाहेरच्या चामड्याइतकीच काळवंडलेली असते. कड धारदार आणि आतून फिकी दिसली, तर कात्री अलीकडे चाललेली आहे.

मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा बघा. ती मोकळी असणं ही सगळ्यात जुनी घडण. त्यानंतर इंचभर रुंद चामडी पट्टी आली. सेंट लुईस संघाचा गोलंदाज बिल डोक याने सुचवलेली, वाद्या ओवून केलेली जाळी रॉलिंग्ज कंपनीने 1920 च्या सुमारास आणली. ग्लोव्हमध्ये खोलगट खिसा तयार झाला तो तिच्यामुळे. पण सांभाळून! अशी जाळी असली तर ग्लोव्ह त्याआधीचा नाही, एवढंच ठरतं. नुसत्या पट्टीवरून तो जुना ठरत नाही. मुलांचे स्वस्त ग्लोव्ह पुढेही जुन्याच साच्यावर निघत राहिले. जाळी मागाहून ओवलेली असू शकते, म्हणून भोकांच्या कडाही तपासा.

हाती आलेल्या ग्लोव्हला तेल मात्र कृपा करून चोळू नका. चामडं काळं पडतं, मनगटावरचं कापडी लेबल डागाळतं आणि पितळी बटणावर मेणासारखा हिरवा थर चढतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, आत आम्लविरहित कागद सैलसर भरा आणि ग्लोव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. तुटलेली वादी असेल तशी राहू द्या. नवी ओवलीत, तर त्या काळचा अस्सल पुरावा तुमच्याच हाताने जातो.