पांढरी पेटी, काचेचा गोळा आणि फुगा: हवामान मोजतात तरी कसं?

या व्हिडिओत आपण हवामान केंद्रात आलोय. हा जो पांढरा लाकडी डबा दिसतोय ना, लांबून मधमाश्यांची पेटी वाटतो, त्याचं नाव स्टीव्हन्सन स्क्रीन. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरने १९व्या शतकात हा डिझाइन केला आणि अजून तसाच चालू आहे. कारण साधं आहे, थर्मामीटर उन्हात ठेवला की तो स्वतः तापतो आणि मग हवेचं तापमान सांगायचं सोडून स्वतःचंच सांगत बसतो. म्हणून या तिरक्या पट्ट्या, दुहेरी, हवा खेळती राहते पण ऊन आत येत नाही. उत्तर गोलार्धात दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन थेट आत पडत नाही.

आता आत बघा. दोन थर्मामीटर उभे, दोन आडवे. उभ्यातल्या एकाच्या बल्बला मलमलचं ओलं कापड गुंडाळलंय, हा वेट बल्ब. पाणी उडून जाताना बल्ब थंड होतो, हवा जितकी कोरडी तितका जास्त, आणि कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरमधल्या फरकावरून आर्द्रता काढतात. दोन्हींचं रीडिंग सारखंच आलं की आर्द्रता १०० टक्के. आडव्यातला एक किमान तापमानाचा, त्यात अल्कोहोल. क्लोजअपमध्ये ती बारीक काडी दिसतेय? थंडी वाढली की अल्कोहोल आक्रसतं आणि काडीला मागे ओढत नेतं, परत गरम झालं की काडीला तिथेच सोडून पुढे निघून जातं. रात्री कितीपर्यंत उतरलं होतं ते सकाळी काडी सांगते! बॅटरी नाही, मेमरी कार्ड नाही. वाचताना मात्र डोळा बरोबर रेषेत हवा आणि पटकन वाचायचं, माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा रीडिंग बिघडवते.

हा काचेचा गोळा म्हणजे कॅम्पबेल-स्टोक्स रेकॉर्डर, आमचा सगळ्यात लाडका शॉट. ऊन एका बिंदूत गोळा होतं आणि मागचं कार्ड जळत जातं, ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी रेघेची लांबी मोजली की आज ऊन किती तास होतं ते कळलं. कार्ड दमट असेल तर सकाळचं कोवळं ऊन त्याला जाळू शकत नाही, तेवढी उणीव आहे.

पर्जन्यमापकाबद्दल एवढंच, १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी.

आणि हा फुगा. आत हायड्रोजन किंवा हीलियम, खाली लोंबतोय तो रेडिओसोंड, म्हणजे मोजमाप करणारं छोटं यंत्र. मिनिटाला साधारण ३०० मीटर चढतो, जाता जाता तापमान, आर्द्रता रेडिओवर खाली पाठवत राहतो आणि वारा त्याला कुठे वाहून नेतोय त्यावरून वाऱ्याचा वेग, दिशा कळते. वर दाब कमी होतो तसा फुगा फुगत जातो, ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो आणि यंत्र छोट्या पॅराशूटने खाली येतं. जगभर हे फुगे ठरलेल्या वेळी सोडतात, ग्रीनिचच्या ० आणि १२ वाजताच्या निरीक्षणासाठी, म्हणजे सगळ्यांचं आकाश एकाच क्षणाचं मिळतं.

शेजारी हे ऑटोमॅटिक स्टेशन. जुन्या थर्मामीटरमधला पारा विषारी, २०१३ च्या मिनामाता करारानंतर, म्हणजे पाऱ्याचा वापर कमी करायच्या आंतरराष्ट्रीय करारानंतर, पाऱ्याची उपकरणं हटवली जातायत आणि ते बरोबरच आहे. ऑटोमॅटिकवाला मिनिटामिनिटाला आकडे पाठवतो, रात्री कोणाला उठावं लागत नाही. फक्त नवीन बसवलं की जुनं लगेच काढून टाकू नका, निदान वर्षभर तरी दोन्ही शेजारी शेजारी चालू द्या, म्हणजे सगळे ऋतू सापडतील. नाहीतर यंत्र बदलल्यामुळे आकडा अर्धा डिग्री सरकला तरी पुढे कोणीतरी त्याला हवामान बदललं म्हणेल, किंवा खरा बदल यंत्राच्या नावावर खपून जाईल. पुराचे इशारे, विमानांची उड्डाणं, शेतीचे सल्ले, सगळं याच आकड्यांवर चालतं.