दुसरी रिव्हॉल्व्हर पहिलीची जुळी हवी

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण इथे अमेरिकेत यूएसपीएसए नाहीतर आयकोर या नेमबाजी संघटनांच्या मॅच खेळणारे आहेत. काही जण पिस्तूल सोडून नुकतेच रिव्हॉल्व्हरकडे वळलेत. शिवाय मुलांकडे आलेले दोन-चार आई-वडीलही दिसतायत, त्यांच्यासाठी आधी थोडा खुलासा. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. तो खेळ एका जागी उभं राहून, एका हातानं खेळायचा. आमच्यात पळायचं, भिंतीआडून नेम धरायचा आणि घड्याळ चालू असतानाच रिव्हॉल्व्हर पुन्हा भरायची.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘एक झाली, आता दुसरी कुठली घेऊ?’ विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेलं असतं. पहिली स्मिथ अँड वेसनची ६२७ असते आणि डोळा ९२९ वर असतो. दोन्ही आठ गोळ्यांच्या, पण एक .३५७ ची आणि दुसरी नऊ मिलिमीटरची. माझं उत्तर ऐकून लोकांचे चेहरे पडतात. पहिली आहे, तीच पुन्हा घ्या. तेच मॉडेल, तेवढीच नळी, तीच ग्रिप, नेम धरायचं तेच साइट.

कारण दुसरी लागते ती पहिली बंद पडल्यावर. यूएसपीएसएमध्ये सगळी मॅच एकाच हत्यारानं खेळायची असते. ते बिघडलं तर रेंज मास्टरची, म्हणजे मैदानावरच्या मुख्य पंचाची, परवानगी घेऊन दुसरं काढता येतं, पण ज्या स्टेजवर, म्हणजे मॅचच्या ज्या टप्प्यात, बिघडलं ती स्टेज परत मिळत नाही. पुढच्या स्टेजला तुम्ही चिडलेले असता, हाताला घाम आलेला असतो. अशा वेळी चाप वेगळ्या वजनाचा लागला, फ्रंट साइट वेगळ्या रंगाचं दिसलं, की उरलेली मॅचही गेली. फलंदाज किटमध्ये दुसरी बॅट ठेवतो ती पहिलीच्याच वजनाची, हेही तसंच.

रिव्हॉल्व्हर कधी अडत नाही, असं दुकानदार सांगतात. साध्या, हात न लावलेल्या रिव्हॉल्व्हरबद्दल ते बरंचसं खरंही आहे. आपल्या मात्र तशा नसतात. कारखान्यातून निघताना डबल ॲक्शनचा, म्हणजे एकाच ओढीत हॅमर मागे नेऊन सोडणारा, चाप ओढायला साधारण बारा पौंडांचा जोर लागतो, तो आपण सहापर्यंत खाली आणतो. स्प्रिंग हलकी झाली की हॅमरचा, म्हणजे घोड्याचा, ठोका हलका होतो आणि कडक प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली, फुटत नाही. म्हणून तर सगळे फेडरल कंपनीच्या मऊ प्रायमरमागे धावतात. प्रायमर केसभर वर राहिला की सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, घासतो. मून क्लिप, म्हणजे सगळी काडतुसं एकत्र धरणारी पातळ चकती, जराशी वाकली तरी तेच. न जळलेल्या दारूचे कण एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे झाडलेली काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या, चांदणीखाली बसले की सिलिंडर मिटत नाही. पिस्तूल अडलं तर स्लाइड खेचून मोकळं होतं. रिव्हॉल्व्हर अडली तर स्क्रूड्रायव्हर शोधावा लागतो.

आता काडतुसांकडे या, कारण वेगळं मॉडेल घेणारे इथे हमखास फसतात. ६२७ आणि ९२९ च्या मून क्लिप एकमेकींना चालत नाहीत. म्हणजे क्लिप दोन तऱ्हेच्या, पितळ, म्हणजे काडतुसांची खोकी, दोन तऱ्हेचं, रिलोडिंगच्या, म्हणजे काडतुसं घरी भरायच्या, डाय दोन. त्यात ६२७ वाले बहुतेक .३५७ च्याच घरात चालणारं .३८ शॉर्ट कोल्ट काडतूस वापरतात, कारण आखूड खोकं पटकन आत जातं आणि पटकन बाहेर पडतं.

बरं, जुळी घेतली तरी क्रोनोग्राफवरची, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावरची, तपासणी टळत नाही. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत, दोन्हींचा गुणाकार भागिले हजार, हा झाला पॉवर फॅक्टर. यूएसपीएसएच्या मायनरला, म्हणजे कमी जोराच्या काडतुसांच्या वर्गाला, किमान १२५ लागतो. १६० ग्रेनची गोळी ७९० नं गेली तर १२६.४, पास. तीच दारू दुसऱ्या रिव्हॉल्व्हरमधून ७६० नं गेली तर १२१.६, म्हणजे मॅच खेळा पण गुण शून्य. सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीत दोन-चार हजारांश इंचाचा फरक असला तरी वेग बदलतो. म्हणून काडतुसातला दारूचा भरणा नेहमी दोघींतल्या हळू रिव्हॉल्व्हरवर बेतायचा.

जुनी मिळाली तर घ्यावी का? जरूर, पण पिढी जुळवून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्मिथनं फायरिंग पिन, म्हणजे प्रायमरवर आपटणारी पिन, हॅमरवरून काढून फ्रेममध्ये बसवली. त्याच्या आधीचे आणि नंतरचे हॅमर एकमेकांत बसत नाहीत, मग सुटे भाग दोनदा घेऊन ठेवावे लागतात. बघायला गेलात की आधी रिकामी आहे याची खात्री करा, मग मालकाची परवानगी घेऊन सिलिंडर मागे-पुढे ढकला. हालचाल जाणवली तर सावध व्हा. हॅमर अगदी सावकाश मागे घ्या आणि सिलिंडरला बोटानं किंचित अडवून धरा. हॅमर पूर्ण मागे जायच्या आत सिलिंडरमधलं काडतुसाचं प्रत्येक घर खटकन जागी बसलंच पाहिजे. आठही घरं बघा, दोन बघून समाधान मानू नका. फीलर गेज, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्या, असेल तर सिलिंडर आणि नळीमधली फट मोजा: चार ते आठ हजारांश इंच चालेल. सिलिंडर उघडून फिरवा आणि इजेक्टर रॉडचं, म्हणजे खोकी बाहेर ढकलणाऱ्या दांडीचं, टोक डोलतंय का पाहा. सिनेमातल्यासारखं मनगटाच्या झटक्यानं सिलिंडर मिटवणारा मालक दिसला, तर किंमतही विचारू नका. त्या झटक्यानं क्रेन, म्हणजे सिलिंडर धरून बाहेर येणारा भाग, वाकते.

आठ गोळ्यांची घ्यावी की सहाची, हा वाद मी लांबवत नाही. २०१४ पासून यूएसपीएसएनं आठ गोळ्यांना मुभा दिली आणि सहा गोळ्यांच्या, .४५ च्या ६२५ चं राज्य संपलं. प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर नेमबाज जेरी मिक्युलेकनं १९९९ मध्ये सहाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरनं, मधे एकदा भरून, २.९९ सेकंदांत बारा गोळ्या झाडल्या होत्या हे खरं, पण ते जेरी मिक्युलेक आहेत.

काउबॉय ॲक्शन, म्हणजे काउबॉय काळातल्या धाटणीची हत्यारं घेऊन खेळायची नेमबाजी, खेळणाऱ्यांचं मात्र निराळं आहे. तिथे दोन सिंगल ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हॅमर हातानं मागे ओढायच्या, रिव्हॉल्व्हर नियमानंच लागतात. दोघींत पाच-पाच काडतुसं भरायची आणि हॅमर रिकाम्या घरावर ठेवायचा. रुगर कंपनी तर लागोपाठच्या क्रमांकांची व्हॅकेरो मॉडेलची जोडी विकते. तरीही दोघींचा नेम तंतोतंत जुळेलच असं नाही, म्हणून जाणकार डावी कुठली, उजवी कुठली याची खूण करून ठेवतात.

मागून प्रश्न आलाय की नवी मॅचला ठेवायची आणि जुनी सरावाला, असं करावं का? मी उलट करतो. नवीला आधी सरावात चांगली राबवायची, तिचे स्क्रू कुठे सैल होतात ते कळू द्यायचं. मॅच जुनीनं खेळायची, तिच्या खोडी आपल्याला पाठ असतात.

आणि मॅचला गेल्यावर दुसरी बॅगेत रिकामीच राहू द्या. काढून बघायची असेल तर सेफ्टी एरियातच, म्हणजे रिकामं हत्यार हाताळायला राखलेल्या जागेतच. तिथे काडतुसाला हात लावायचा नाही, डमीलासुद्धा नाही. लावलात तर अपात्र, आणि मग दोन्ही रिव्हॉल्व्हर गाडीत टाकून घरी.